न टेकता फिरणारं चाक : अलिबागच्या चुंबकापासून हृदयाच्या पंपापर्यंत

चुंबक आणि आरोग्य हे दोन शब्द एकत्र आले की बहुतेकांना मनगटातलं कडं, गुडघ्याचा पट्टा किंवा प्रदर्शनात विकायला असलेली चुंबकाची गादी आठवते. ‘डॉक्टर, याचा काही उपयोग होतो का हो?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं छोटं उत्तर या लेखात पुढे दिलं आहे. पण चुंबकाने वैद्यकशास्त्रात खरोखर मोठं काम केलं आहे. ते काम म्हणजे फिरणारी वस्तू कशालाही न टेकता हवेत, किंवा रक्तात, तरंगत ठेवणं.

हृदय खूप अशक्त झालेल्या माणसाच्या छातीत बसवलेला एक छोटा पंप आज याच तत्त्वावर वर्षानुवर्षं चालू शकतो. हा पंप कुठून आला आणि त्याने कोणते प्रश्न सोडवले, हे कळलं तर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची तेही कळतं. म्हणून आज हा थोडा इतिहास.

आधी बेअरिंग म्हणजे काय ते पाहू

फिरणाऱ्या प्रत्येक चाकाला कुठेतरी टेकावं लागतं. आपल्या अष्टागरात, नागाव-चौलच्या वाड्यांमध्ये, पूर्वी विहिरीवर रहाट असे. पाण्याने भरलेल्या लोट्यांचं सगळं ओझं शेवटी त्याच्या आसावर यायचं. आस कुरकुरायला लागला की समजायचं, तेल घालायची वेळ झाली. बैलगाडीच्या आसालाही तसंच वंगण लागायचं. फिरता भाग जिथे स्थिर भागावर टेकतो, त्या आधाराला यंत्राच्या भाषेत बेअरिंग म्हणतात. पंख्यात, मिक्सरमध्ये, पाण्याच्या मोटरमध्ये, होडीच्या इंजिनात, सगळीकडे ते असतं.

दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की दोन गोष्टी होतात : झीज आणि उष्णता. वंगण त्या दोन्ही कमी करतं. पण काही ठिकाणी वंगण हरतं. फार उष्ण जागी तेल जळतं. साधी तेलं २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या पुढे टिकाव धरत नाहीत. फार थंड जागी ते गोठतं. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल कसं घट्ट होतं ते आठवा. निर्वात जागेत तेलाची वाफ होऊन सगळीकडे पसरते. आणि चौथी जागा म्हणजे आपलं रक्त, तिथे तेल घालायची सोयच नाही.

पुढचा सगळा इतिहास या चार अवघड जागांचा आहे.

अलिबागचं टांगलेलं चुंबक

अलिबागच्या समुद्रकिनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिली असेल. पृथ्वी स्वतः एक मोठं चुंबक आहे आणि तिची ओढ दिवसभरात अगदी थोडी थोडी बदलत असते. ते बदल टिपायचे म्हणजे एक चुंबक असं ठेवायचं की त्याला कसलाच अडथळा होता कामा नये. होकायंत्राची सुई टोकावर टेकलेली असते. त्या टोकाशी होणारं किंचित घर्षणही या कामात चालत नाही. म्हणून जुन्या वेधशाळांमध्ये चुंबक रेशमाच्या बारीक धाग्याला आणि पुढे क्वार्ट्झच्या तंतूला टांगलेलं असे. ते तसूभर वळलं तरी त्याला जोडलेल्या आरशावरचा प्रकाश हलायचा आणि नोंद व्हायची.

हे काम आधी मुंबईत कुलाब्याला चालायचं. ती वेधशाळा १८२६ ची, आणि तिथे चुंबकीय नोंदी १८४१ पासून सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या एका प्रचंड उद्रेकानंतर पृथ्वीवर जे चुंबकी वादळ आलं, त्याची कुलाब्याची नोंद जगातल्या मोजक्या चांगल्या नोंदींपैकी आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या गटाने २००३ मध्ये त्याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता पुन्हा काढली. टांगलेलं चुंबक अडखळलं असतं तर ही नोंद मिळालीच नसती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरलं. विजेचे मोठे प्रवाह जवळून गेले की चुंबक बिथरणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली वेधशाळेचं हे काम अलिबागला हलवण्यात आलं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही जागी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा चुंबक सुरक्षित पोचलेलं होतं.

अलिबागची इमारत बांधताना लोखंड टाळलं आणि चुंबकाला न बिघडवणारा पोरबंदरचा दगड वापरला. आतलं तापमान स्थिर राहील अशी रचना केली. कारण साधं आहे. चुंबक गरम झालं की त्याचा जोर थोडा कमी होतो आणि नोंद चुकते.

या वेधशाळेतून दोन धडे घेऊन पुढे जाऊ. पहिला, टेकण्याची जागा काढून टाकली की हालचाल निर्वेध होते. दुसरा, उष्णता ही चुंबकाची वैरी आहे. पण अजूनही एक धागा उरलाच होता. तो धागाही काढून टाकता येईल का?

एका गणितज्ञाने घातलेला अडसर

दोन चुंबकांची सारखी टोकं समोरासमोर आणली की ती एकमेकांना ढकलतात. मग एका चुंबकावर दुसरं तरंगत का राहत नाही? लहानपणी हा खेळ तुम्हीही केला असेल. वरचं चुंबक दर वेळी घसरून बाजूला जातं किंवा उलटं होऊन चिकटतं. सॅम्युएल अर्नशॉ या इंग्लिश गणितज्ञाच्या १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिद्धांतातून हे निघतं की नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर चुंबक किंवा लोखंड स्थिरपणे तरंगत ठेवता येत नाही. एका दिशेने पकड बसली की दुसऱ्या दिशेने सुटते.

उपाय सापडायला सुमारे शंभर वर्षं लागली. तोपर्यंत दवाखान्यातल्या एका यंत्राला बेअरिंगचा प्रश्न फार छळू लागला होता.

एक्स-रे ट्यूब : लालबुंद तबकडी

१८९५ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी पिअर क्युरी यांनी चुंबकत्व आणि तापमान यांवरचा आपला प्रबंध मांडला. ठराविक तापमानाच्या वर लोखंडाचं चुंबकत्व नाहीसं होतं. लोखंडासाठी ती मर्यादा सुमारे ७७० अंश आहे. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले.

क्ष-किरण तयार करायचे म्हणजे निर्वात नळीत इलेक्ट्रॉनचा मारा धातूच्या तुकड्यावर करायचा. त्या ऊर्जेपैकी जेमतेम १ टक्का क्ष-किरण होतात. उरलेल्या ९९ टक्क्यांची उष्णता होते, आणि तीही एका ठिपक्याएवढ्या जागेवर. चित्र स्पष्ट हवं तर ठिपका लहान हवा. ठिपका लहान केला तर धातू वितळतो. टंगस्टन या धातूचा वितळण्याचा अंश ३४०० च्या वर आहे, तरी तोसुद्धा खड्डे पडून खराब व्हायचा.

यावरची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. पोळी तव्यावर एकाच जागी ठेवली तर करपते, फिरवत राहिली तर नीट भाजते. तसंच धातूची तबकडी करून ती फिरवत ठेवायची, म्हणजे मारा सारखा नव्या जागेवर पडतो. फिलिप्स कंपनीत अल्बर्ट बाउवर्स यांनी अशी फिरती तबकडी असलेली ट्यूब १९२९ मध्ये व्यवहारात आणली. आजच्या ट्यूबमध्ये ही तबकडी मिनिटाला ३,००० ते १०,००० फेरे मारते. एक्स-रे काढताना ‘श्वास रोखा’ म्हणण्याच्या आसपास जो घरघर आवाज येतो, तो बऱ्याच वेळा ही तबकडी वेग घेत असल्याचा असतो.

गंमत अशी की तबकडी फिरवायलाही चुंबकच लागतं. काचेच्या बाहेर तारांची वेटोळी असतात, त्यांचं फिरतं चुंबकी क्षेत्र काचेतून आत जातं आणि आतला भाग फिरवतं. पण तबकडी टेकायची कशावर? आत निर्वात आहे, म्हणून तेल नको. तबकडी लालबुंद तापते, आणि तिची उष्णता दांड्यातून झिरपून बेअरिंगलाही काही शे अंशांपर्यंत तापवते. मग छर्‍यांवर चांदी किंवा शिशासारख्या मऊ धातूचा पातळ थर देऊन तेच वंगण म्हणून वापरलं. अशी बेअरिंगं झिजतात, खडखडतात, आणि महागडी ट्यूब बदलावी लागते.

पुढे तबकडी चुंबकांवर तरंगत ठेवण्याचे प्रयत्नही झाले. पण रोजच्या वापरात बाजी मारली ती वेगळ्या उपायाने. १९८९ मध्ये फिलिप्सने गॅलियमच्या द्रव मिश्रधातूचं वंगण असलेलं बेअरिंग आणलं. दांड्यावर बारीक तिरप्या खाचा असतात. दांडा फिरला की द्रव धातू खाचांतून आत ओढला जातो आणि दांडा त्यावर तरंगतो. तबकडीची उष्णताही त्यातून बाहेर जाते. म्हणून सीटी स्कॅनमध्ये एकामागून एक पेशंट घेता येतात. जुन्या यंत्रावर ‘ट्यूब थंड होऊ द्या’ म्हणून तुम्हाला थांबवलं असेल तर चिडू नका. ते कारण खरं असतं.

अडसर दूर झाला तो असा

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात एफ. टी. होम्स आणि जेसी बीम्स यांनी अर्नशॉच्या सिद्धांताला बगल दिली. सिद्धांत स्थिर चुंबकांबद्दल आहे. मग चुंबक स्थिर ठेवूच नका! लोखंडी गोळा वरच्या विद्युतचुंबकाने ओढून धरायचा. गोळा जरा वर गेला की विजेचा प्रवाह कमी करायचा, खाली आला की वाढवायचा. तळहातावर काठी उभी तोलताना आपण हात सारखा हलवत राहतो ना, तसंच. गोळा तरंगत दिसतो, पण मागे सतत सावरणं चालू असतं.

निर्वात जागेत अशा तरंगत्या गोळ्याला घर्षण जवळजवळ नसतंच. बीम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये एक मिलिमीटरहून लहान पोलादी गोळा सेकंदाला ३ लाखांहून जास्त फेऱ्यांच्या वेगाने फिरवल्याचं प्रसिद्ध केलं. हेच बीम्स रक्तातली प्रथिनं आणि विषाणू वेगळे करणाऱ्या अतिवेगवान सेंट्रिफ्यूजच्या विकासातही अग्रभागी होते. वैद्यकशास्त्राशी या विषयाचं नातं असं सुरुवातीपासूनचं आहे.

आजचं चुंबकी बेअरिंग याच तत्त्वावर चालतं. सेन्सर दांड्याची जागा मोजतो, छोटा संगणक हिशेब करतो, विद्युतचुंबक ओढ बदलतात. सेकंदाला हजारो वेळा. १९७६ मध्ये फ्रान्समध्ये अशी बेअरिंगं बनवणारी कंपनी निघाली आणि मग ती नैसर्गिक वायूच्या मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये, निर्वात पंपांमध्ये, मोठ्या इमारतींच्या एसी यंत्रणेत पोचली. तेल नाही, झीज नाही.

थंडीच्या टोकाचं उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतलं आहे. तिथल्या महाकाय यंत्राचे चुंबक उणे २७१ अंशांना ठेवावे लागतात. त्यासाठी हेलियम वायू खेचणारे अतिथंड कॉम्प्रेसर चुंबकी बेअरिंगांवर फिरतात, कारण तेलाचा थेंबही आत गेला तर गोठून नळ्या तुंबतील. उष्णतेच्या टोकाला अमेरिकेच्या नासा संस्थेने सुमारे ५४० अंशांना चालणारं चुंबकी बेअरिंग तपासून पाहिलं आहे. त्याच्या पुढे क्युरींची मर्यादा आड येते : फार तापलं की चुंबक चुंबकच राहत नाही. निओडायमियमची ताकदवान चुंबकं तर लोखंडाच्या कितीतरी आधी, ३०० अंशांच्या आसपासच, निकामी होतात.

हे सगळं ऐकल्यावर वाटेल की माणसाचं शरीर तर ३७ अंशांचं, तिथे काय अवघड? पण उलट आहे. रक्तासारखी नाजूक जागा दुसरी नाही. एक्स-रे ट्यूब शेकडो अंश सोसते. रक्तातल्या तांबड्या पेशी ५० अंशांच्या आसपास फुटू लागतात. बेअरिंगच्या टोकाशी नुसत्या घासण्याने वाढलेली थोडी उष्णता, आणि तिथे कोपऱ्यात थबकलेलं थोडं रक्त, एवढ्याने गाठ धरायला सुरुवात होऊ शकते.

हृदयाचा पंप : दाबणाऱ्या पिशवीपासून तरंगत्या चाकापर्यंत

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी होणं. दम लागतो, पाय सुजतात, आडवं झोपता येत नाही. बहुतेक पेशंट औषधांवर बरीच वर्षं चांगले राहतात. काहींचं हृदय मात्र इतकं थकतं की औषधं पुरत नाहीत. त्यांच्यासाठी एक वाट म्हणजे हृदय बदलणं. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच, म्हणजे जगातली पहिली हृदयरोपण शस्त्रक्रिया झाल्यानंतर तीनच महिन्यांत, हे धाडस केलं होतं. तो पेशंट काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्याकडे १९९४ मध्ये झाला. पण दात्यांची टंचाई आजही आहे, जगभर आहे. म्हणून यांत्रिक पंपाचा शोध चालू राहिला.

सुरुवातीचे पंप हृदयाची नक्कल करायचे : पिशवी दाबायची, सोडायची, झडपा उघडायच्या, मिटायच्या. ते मोठे, आवाज करणारे आणि लवकर झिजणारे होते. २००१ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना ते औषधांपेक्षा जास्त जगवतात. पण झीज आणि जंतुसंसर्ग यांनी ते यश मर्यादित केलं.

नवी दिशा एका विहिरीसारख्या साध्या दृश्यातून आली. रिचर्ड वॅम्पलर या अमेरिकन डॉक्टरांनी १९७६ मध्ये इजिप्तच्या खेड्यात नळीतला मळसूत्री पात्याचा दांडा हाताने फिरवून पाणी वर चढवताना पाहिलं. आपल्या रहाटासारखंच शेतीचं जुनं साधन. रक्तही असं सतत फिरत्या पात्याने ढकलता येईल का, असा विचार त्यांना सुचला. तेव्हाची समजूत अशी की इतक्या वेगाच्या पात्याने रक्तपेशींचा चुरा होईल. तसं झालं नाही. १९८८ मध्ये त्यांचा पेन्सिलीएवढ्या जाडीचा पंप पहिल्यांदा पेशंटमध्ये वापरला गेला.

आता पंप लहान झाला, झडपा गेल्या, पिशवी गेली. फिरणारा भाग एकच उरला. आणि त्याबरोबर आपला जुना प्रश्न परत आला : तो टेकायचा कशावर?

२००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘हार्टमेट २’ पंपात टेकण्यासाठी माणकाचे छोटे दगड वापरले होते. जुन्या हातघड्याळांवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असे, तेच तत्त्व. कठीण, गुळगुळीत दगडावर टोक फिरतं. वंगण म्हणून पेशंटचं रक्तच. हजारो लोकांना या पंपाने आयुष्य दिलं. पण बेअरिंगभोवती रक्ताची गाठ धरण्याचा धोका होताच, आणि २०११ नंतर अशा घटना अचानक वाढल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. गाठ धरली की पंप अडतो, किंवा गाठ सुटून मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो. म्हणजे सगळं अडून बसलं होतं ते त्याच तांदळाएवढ्या जागेपाशी, जिथे फिरता भाग टेकत होता.

ती जागाच काढून टाकण्याचे प्रयत्न आधीपासून चालू होते. २००२ मध्ये जर्मनीतला ‘इनकोर’ आणि २००४ मध्ये जपानी कंपनीचा ‘ड्युराहार्ट’ हे चुंबकावर तरंगणाऱ्या चाकाचे पंप माणसांत बसवले गेले. २०१४ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हर इथे ‘हार्टमेट ३’ पहिल्यांदा बसवला, आणि २०१७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. याचं चाक रक्तात पूर्ण तरंगतं. त्याला फिरवणारी आणि सावरणारी, दोन्ही कामं भोवतालची विद्युतचुंबकं करतात. चाकाच्या सगळ्या बाजूंनी रक्ताला मोकळी वाट असते. शिवाय दर दोन सेकंदांनी पंप आपला वेग मुद्दाम बदलतो, म्हणजे कोपऱ्यात रक्त साचत नाही.

याचा फायदा किती झाला? या दोन पंपांची तुलना १,०२८ पेशंटवर झाली. दोन वर्षांत पंपात गाठ झाल्याचा संशय माणकाच्या बेअरिंगच्या गटात १३.९ टक्के पेशंटमध्ये आला, तरंगत्या चाकाच्या गटात १.४ टक्के. पक्षाघाताचं प्रमाण १९.४ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ४३.७ ऐवजी ५८.४ टक्के होतं.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. पहिली बाजू आनंदाची आहे. दुसरी अशी की पाच वर्षांत दहापैकी चार पेशंट तरीही गेले. टेकण्याचा प्रश्न सुटला, पण पोटातून बाहेर येणाऱ्या वायरीच्या तोंडाशी होणारा जंतुसंसर्ग, आतड्यातून होणारा रक्तस्राव, हृदयाच्या उजव्या बाजूचा थकवा हे प्रश्न उरलेच.

तरंगण्याची किंमत : वीज

चुंबकी बेअरिंगची कमकुवत बाजू त्याच्या तत्त्वातच आहे. सावरणारा हात थांबला की काठी पडते. साधं बेअरिंग वीज गेली तरी बेअरिंगच राहतं. चुंबकी बेअरिंग वीज गेली की चाक खाली टेकतं. कारखान्यात त्यासाठी खाली साधं राखीव बेअरिंग ठेवतात. छातीतला पंप मात्र थांबला की थांबला, आणि त्यात झडप नसल्यामुळे रक्त उलटंही वाहू शकतं.

म्हणून हा पंप घेतलेला माणूस दिवसा कमरेला दोन बॅटऱ्या बाळगतो आणि रात्री घरच्या विजेवर जोडून झोपतो. भरलेल्या बॅटऱ्या बरेच तास चालतात. कंट्रोलरमधली राखीव बॅटरी मात्र फक्त पाव तासाची सोय असते, म्हणजे बॅटऱ्या बदलण्यापुरती. आता आपल्या किनाऱ्याचा विचार करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यात आदळलं, तेव्हा कित्येक गावं अनेक दिवस आणि काही गावं त्याहून जास्त काळ अंधारात होती. असा पंप घ्यायचा विचार करताना शस्त्रक्रियेचा खर्च, जो बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे, तेवढाच पाहून चालत नाही. वादळात वीज कुठून येणार, जादा बॅटऱ्या कोण भरून ठेवणार, पंप बसवणारं केंद्र किती तासांवर आहे, हेही विचारायलाच हवं. डॉक्टरांना हे प्रश्न विचारायला संकोच करू नका.

तुमच्या उपयोगाच्या काही गोष्टी

• असा पंप असलेल्या माणसाची नाडी हाताला लागेलच असं नाही, कारण रक्त ठोक्याने नव्हे तर सलग वाहतं. साध्या यंत्रावर रक्तदाबही नीट येत नाही. तो बेशुद्ध दिसला तर नाडी नाही म्हणून मेला असं समजू नका. वायर आणि बॅटरी नीट जोडलेली आहे का पाहा, पंपाची गुणगुण छातीला कान लावून ऐका, आणि ताबडतोब रुग्णवाहिका व त्याच्या केंद्राचा नंबर लावा.

• पंप तरंगता असला तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि ठरलेल्या वेळी आयएनआर तपासणी चुकवायची नाही. गावठी औषधं, कुणी सुचवलेल्या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

• एमआरआय करता येत नाही. समुद्रात, खाडीत, विहिरीत पोहणं कायमचं बंद.

• आणि ज्यांना पंप नाही, पण दम लागतो, रात्री उशा वाढवाव्या लागतात, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढून पाय सुजतात, त्यांनी वाट पाहू नये. आजच्या औषधांनी वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांना या पंपापर्यंत जावंच लागत नाही. माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगी ओळ हीच आहे.

राहिला चुंबकाच्या पट्ट्याचा प्रश्न. गुडघेदुखी, कंबरदुखी किंवा रक्तदाब यांवर चुंबकाचं कडं, पट्टा किंवा गादी यांचा खात्रीलायक उपयोग चांगल्या अभ्यासांत दिसलेला नाही. पैसे वाचवा. मात्र पेसमेकर किंवा शॉक देणारं उपकरण छातीत असेल तर हा प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही. जोरदार चुंबकाने ती उपकरणं आपलं वागणं बदलतात. चुंबकी पट्टे, इअरफोनच्या डब्या, चुंबक असलेले मोबाइल छातीच्या खिशात ठेवू नका. किमान वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटर तरी, लांब ठेवा. अलिबागच्या वेधशाळेने मुंबईच्या ट्रामपासून चुंबकाला जपलं. तुम्ही चुंबकापासून आपल्या पेसमेकरला जपा.